न सडलेलं खाद्य

१

ज्या अळ्या मरायला हव्या होत्या त्या जिवंत होत्या. नुसत्या जिवंत नव्हत्या, चांगल्या गलेलठ्ठ झाल्या होत्या. निकाल पाहायला आलेल्या जंगल खात्याच्या पाहुण्यांसमोर काचेचे ट्रे मांडले होते आणि ट्रेमधल्या अळ्या विष पसरलेलं खाद्य खात, एकमेकींच्या अंगावरून सरपटत, हिरवट लेंड्या टाकत मजेत होत्या. हे विष आहे की टॉनिक, असं एका पाहुण्याने विचारलं म्हणतात.

विष म्हणजे जिवाणूंची पावडर होती. ती पाण्यात कालवून खाद्यावर पसरायची. अळीच्या पोटात गेली की ते जिवाणू तिला आतून खलास करतात, आणि झाडाला, पाखराला, मधमाशीला काही होत नाही. जंगलातली झाडं अळ्यांनी बोडकी केली होती, म्हणून सगळ्यांचे डोळे या पावडरीकडे लागले होते. आधीच्या चाचण्यांत याच अळीघरातल्या अळ्या पटापट मेल्या होत्या. पाहुण्यांसमोर मात्र एकही मेली नाही.

मग मिश्रणाच्या बाटलीत पावडर नव्हतीच, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी ठरवून टाकलं. मिश्रण करणारी एकच मुलगी होती. पावडर महाग, बाहेर बागवाले हवी तेवढी घ्यायला तयार. तिने खरी पावडर विकली आणि बाटलीत मैदा कालवला, असं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि तिला घरी बसवण्यात आलं.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. त्यांनी आयुष्यभर गायब झालेलं डिझेल आणि कमी भरलेलं सिमेंट शोधलं होतं. अळी म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. एकदा कोबीत अळी निघाली तर त्यांनी कोबीच काय, ती सुरीही फेकून दिली होती. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून त्यांनी हातापाया पडून पाहिलं, पण कचेरीतल्या बाकी सगळ्यांना एकाच दिवशी ताप आला.

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच बाईंनी नाकाला रुमाल लावला. बोळातून गोडसर, आंबूस वास येत होता. बोळाच्या टोकाला कचऱ्याचा पिंप होता. त्याच्याकडे न बघता त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

साहेबांनी चहा मागवला आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मुलीच्या बडतर्फीचा हुकूम तयार होता, पोलिसांत द्यायची तक्रारही त्याला जोडली होती.

"पुढच्या आठवड्यात बैठक आहे. तोवर हे उरकलं पाहिजे," साहेब म्हणाले. "फक्त तुमची सही राहिली आहे."

२

बाईंनी सही केली नाही. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

मुलगी आली ती डोळे सुजवून, पण मान ताठ ठेवून. "मी पावडर घातली होती," ती बसायच्या आतच म्हणाली.

"चोरी करणारे सगळे असंच सांगतात."

"न करणारेही असंच सांगत असतील ना."

बाईंना हे उत्तर आवडलं, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. "त्या दिवशीचं मिश्रण उरलंय का?"

"अर्धी बाटली नेहमी राखून ठेवतो. साहेबांच्या कपाटात आहे, सील लावून. तपासणीला पाठवा म्हणाले मी. पण निकाल यायला महिना लागतो आणि साहेबांना घाई आहे."

"तुझ्यावर कुणाचा विश्वास आहे इथे?"

"मामांचा असेल."

"ते अळीघरातले मामा?"

"सगळेच त्यांना मामा म्हणतात. माझे ते सख्खे मामा आहेत. बाबा गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं. मला इथे त्यांनीच लावलं." मामांचं नाव निघालं तशी ती जरा सैलावली. "अळ्यांचं खाद्य तेच शिजवतात. डाळीचं पीठ, गव्हाचा कोंडा, यीस्ट आणि थिजायला जिलेटीन. प्रत्येक पातेलं स्वतः चाखल्याशिवाय अळ्यांना वाढत नाहीत. सगळ्यांसमोर डाव चाटतात आणि मीठ कमी आहे म्हणतात. पाहुणे आले की त्यांच्यापुढेही डाव धरतात. पाहुणे पळतात."

बाईंच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी कप दूर सारला. "परवाच्या पाहुण्यांपुढेही धरला?"

मुलगी विचारात पडली. "नाही. त्या दिवशी गडबड होती."

"आणि घरी काय चाललंय?"

"आई म्हणते, घेतली असशील तर कबूल कर. मामाला तोंड दाखवायला जागा ठेव."

"मामा काय म्हणतात?"

"ते काहीच म्हणत नाहीत. रोज संध्याकाळी येऊन बसतात. आई रडते, ते तिची समजूत घालतात." तिने नाक पुसलं. "पोलीस आले तर आई मला घरात घेणार नाही. नोकरीचं काय, दुसरी बघता येईल. आईला वाटतंय मी चोर आहे, ते कसं पुसायचं?"

३

अळीघरात शिरण्याआधी बाईंनी रुमालाला दोनदा अत्तर लावलं. आत हजारो अळ्या डब्यांत वळवळत होत्या. केसाळ, ठिपक्याठिपक्यांच्या, बोटाएवढ्या. कुणी दुसरीची कात खात होती, कुणी डोकं वर करून हवेत काहीतरी शोधत होती. बाईंनी श्वास रोखला. मग नाइलाजाने घेतला, आणि त्यांना हायसं वाटलं. इथे साबणाचा आणि फिनेलचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

"लेकरं आहेत माझी," मामा हसत म्हणाले. हडकुळा, चटपटीत माणूस. त्यांनी शेगडीवरून पातेलं उतरवलं आणि पिवळसर लापशी डावाने डब्यांत ओतली. शेवटी डाव फडक्याने नीट पुसला आणि मोरीत टाकला. "तुमच्या हातावर एक ठेवू का? चावत नाहीत."

"नको. या मेल्या का नाहीत, तेवढं सांगा."

"बाटलीत विषच नसेल तर कशाने मरतील?" मामा पटकन म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण माझी भाची तशी नाही हो. पोरगी चुकली असेल, चोर नाही."

बाईंनी मान हलवली. समजूत घालता घालता या माणसाने भाचीच्या गळ्यात फास नीट बसवला होता, हे त्यांच्या लक्षात आलं. पण माणसं दुःखात काहीही बोलतात, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

खाद्यात काही बदल केला होता का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. मामांनी कानांना हात लावले. इतकी वर्षं तेच पीठ आणि तोच कोंडा, म्हणाले.

पलीकडच्या खोलीत कीटकांचे डॉक्टर होते. एका हाताने ते अळ्यांची पोटं फाडून बघत होते आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात होते. हातांची कधी अदलाबदल होते की काय, या धास्तीने बाईंची नजर तिथून हलेना. डॉक्टरांचा या पावडरीला पहिल्यापासून विरोध होता. त्यांना जुनी रासायनिक फवारणी हवी होती. पावडर नापास झाली तर सर्वांत खूश तेच होणार होते.

"खूश तर आहेच," डॉक्टर म्हणाले. "पण बाटलीला मी हात लावलेला नाही. मी काय म्हणतो ते कुणी ऐकत नाही, एवढंच. जंगलातली अळी पानं खाते. पान कडू, तुरट, वर शंभर जातींचे जंतू बसलेले. इथली अळी आयतं, शिजवलेलं गिळते. खाणं बदललं की पोट बदलतं, आणि पोट बदललं की त्याच विषाचं काम बदलतं. डबीतल्या अळीवरून जंगलातल्या अळीचं भविष्य सांगू नका म्हणून मी घसा कोरडा केला."

"मग परवाचा निकाल विषाचा नसून खाण्याचा असू शकतो?"

डॉक्टरांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "असू शकतो. पण मग आधीच्या चाचण्यांत याच खाद्यावरच्या अळ्या का मेल्या?"

बाई दारातच थांबल्या. जे काम कुणी पैसे देऊन सांगितलं असतं तरी त्यांनी केलं नसतं, ते आता स्वतःहून करावं लागणार होतं.

४

त्यांनी माळ्याला सांगून आवारातल्या झाडावरच्या त्याच जातीच्या अळ्या काढवल्या. जन्मापासून पानांवरच वाढलेल्या. अळीघरातून मामांच्या खाद्याच्या डब्या त्यांनी स्वतःच्या हाताने उचलल्या. आणि हे सगळं त्या विश्रामगृहातल्या आपल्या खोलीत घेऊन गेल्या, कारण इथल्या एकाही माणसावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

निम्म्या अळ्यांना पानं, निम्म्यांना मामांचं खाद्य. काही दिवस तसंच खाऊ घातलं. ते दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. अळ्या खाताना आवाज करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उशाशी कुणीतरी ओले कागद कुरतडत बसल्यासारखा तो आवाज होता. जेवणाच्या ताटात भाताचं शीत हललं असं वाटून त्या दोनदा उठल्या. रोज डबी साफ करताना लेंड्या बोटाला चिकटत, आणि साबण संपेपर्यंत त्या हात धूत. एकदा एक अळी बोटावर चढली आणि थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी तिला झटकलं नाही. झटकली असती तर अळी हरवली असती आणि मग ती खोलीत कुठे आहे या विचाराने त्यांना वेड लागलं असतं.

मग त्यांनी साहेबांसमोर सीलबंद बाटली फोडून घेतली आणि त्यातलं मिश्रण निम्म्या डब्यांवर पसरलं, पानांवरही आणि खाद्यावरही. बाकीच्या डब्या तशाच ठेवल्या, त्यातल्या अळ्या आपोआप मरत नाहीत ना हे कळायला.

तशाच ठेवलेल्या डब्यांतल्या सगळ्या अळ्या मजेत होत्या. मिश्रणाची पानं खाल्लेल्या अळ्यांनी आधी खाणं सोडलं, मग त्या मऊ पडल्या आणि तोंडातून पाणी सोडून मेल्या. एकूणएक. बाईंनी त्यांच्याकडे पाहून आयुष्यात पहिल्यांदा मेलेल्या अळ्यांचे आभार मानले. बाटलीत पावडर होती, खरी होती आणि पुरेशी होती. मुलगी खोटं बोलली नव्हती.

मिश्रण पसरलेलं मामांचं खाद्य खाणाऱ्या अळ्या मात्र जिवंत होत्या. त्याच झाडावरच्या, त्याच बाटलीतलं विष खाल्लेल्या. त्या गुबगुबीत झाल्या होत्या आणि आणखी खायला मागत होत्या.

५

म्हणजे गुन्हेगार पातेल्यात होता. पण काय होतं त्यात?

मुलगी मिश्रण करायची त्या बंद खोलीत बाई गेल्या. ओट्यामागे पाहुण्यांच्या आधीच्या चाचणीतली खाद्याची एक डबी पडून राहिली होती. झाकण उघडताच त्यांनी ते आपटून बंद केलं. चिकट तवंग, काळं पाणी, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. खिडकीत पाहुण्यांच्या दिवशीची एक डबी तशीच उघडी राहिलेली होती. तिच्यावर धूळ बसली होती, माशी बसली होती, पण खाद्य तुकतुकीत होतं. काळं पाणी नाही की आंबूस वास नाही. इतके दिवस उघडं राहून जे सडत नाही, ते खाद्य नव्हे, असं बाईंना वाटलं, आणि या न सडलेल्या डबीची त्यांना त्या सडक्या डबीपेक्षा जास्त शिसारी आली.

मग त्यांना अळीघर आठवलं. हजारो अळ्या, त्यांची घाण, त्यांच्या काती, आणि वास मात्र फिनेलचा. अख्ख्या इमारतीत सर्वांत घाण जागेला घाण येत नव्हती. मग बोळात येणारी घाण कुठली?

त्यांनी तोंडाला रुमाल घट्ट बांधला, काठी घेतली आणि तो पिंप उपसला. तळाशी कागदात गुंडाळलेली पुडकी होती. काठी लागताच एक फुटलं. आत काळ्या पडलेल्या, पिशवीसारख्या लोंबणाऱ्या अळ्या होत्या. कातडी फाटून त्यातून तपकिरी रस गळत होता. बाई भिंतीला धरून ओकल्या. मग तोंड पुसलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांचा शेंगदाणा पहिल्यांदाच हातात राहिला. "ही जिवाणूंची सड आहे. पावडरीने मेलेल्या नाहीत या. हा अळीघरातला रोग. एका डब्यात शिरला की अळीघरातल्या सगळ्या अळ्या डब्यांसकट जाळाव्या लागतात."

"आणि जाळायचं नसेल तर?"

"कोंबड्यांना, माशांना देतात तसं अँटिबायोटिक भरपूर घालायचं खाद्यात. चिमूटभर आम्ही एरवीही घालतो, टिकावं म्हणून. भरपूर घातलं तर सड थांबेल, वास जाईल, अळ्या छान दिसतील." बोलता बोलता ते थांबले. "आणि आपली पावडर म्हणजे तरी काय, जिवाणूच. तेही त्या औषधाने पोटातच गारद होणार."

"ते औषध चवीला कसं असतं?"

"कडू. जहर कडू."

बाई मुलीच्या खोलीत परतल्या आणि त्यांनी खिडकीतली ती तुकतुकीत डबी पुढे ओढली. जिच्यावर माशी बसली होती ती. त्यांनी करंगळी खाद्यात बुडवली आणि जिभेला लावली.

६

साहेबांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर डबी ठेवली आणि डाव मामांच्या हातात दिला.

"मामा, चाखून सांगा, मीठ कसं आहे."

मामा हसले. "आता कुठे, बाई. पोट बरं नाही माझं."

"पाहुणे आले त्या दिवसापासून बरं नाही, की त्याच्या आधीपासून? प्रत्येक पातेलं चाखणारा माणूस डाव पुसून मोरीत टाकतो, तो का? मी चाखलंय. अजून तोंड कडू आहे माझं."

डाव मामांच्या हातात तसाच राहिला. साहेबांना काही कळेना, तेव्हा बाईंनी त्यांना पानं खाऊन मेलेल्या आणि खाद्य खाऊन जगलेल्या अळ्यांचं सांगितलं, पिंपातल्या पुडक्यांचं सांगितलं. मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग, मामांकडे वळला तसा, हळूहळू आवळत गेला.

"सड दिसली की अळीघर जाळतात," मामा अखेर म्हणाले. "आणि अळीघर जाळलं की मला घरी बसवतात. माझ्या हाताला दुसरं काय येतं? अळ्या वाढवणं. कोंबडीच्या दुकानातून औषध आणलं. पावडरीवर त्याचा परिणाम होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, शपथ."

"निकालाच्या दिवशी तरी आलं असेल," बाई म्हणाल्या.

"आलं," मामा म्हणाले.

"आणि हिच्यावर आळ आला तेव्हा?"

"ती तरुण आहे. तिला दुसरी नोकरी मिळेल. मला वाटलं, थोडे दिवस जातील आणि सगळे विसरतील."

बाईंना आजवर बऱ्याच गोष्टींची किळस आली होती, गेल्या आठवड्यात तर पोटभर. पण त्या अळ्या सडल्या होत्या त्यांच्या रोगाने. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. या माणसाच्या शेजारी बसणं त्यांना नको झालं. त्यांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि ती सरकवताना आवाज होईल याची काळजी घेतली.

साहेबांनी टाइप केलेला हुकूम गुपचूप खणात टाकला. अळीघर आजच जाळा, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि मुलीकडे बघून उद्यापासून कामावर ये, असं काहीतरी पुटपुटले. माफी मात्र त्यांच्या तोंडातून निघाली नाही.

"ताईला सांगू नकोस," मामा भाचीला म्हणाले. "मी सांगेन कधीतरी. तिला सहन होणार नाही."

मुलगी उठली. कामाच्या ठिकाणी ती त्यांना नेहमी अहोजाहो करायची. "रोज संध्याकाळी येऊन बसत होतास," ती म्हणाली. "ती रडत होती आणि तू पाठीवरून हात फिरवत होतास. मी समोर बसले होते, मामा."

तिने फोन काढला, आईला लावला आणि मोठ्या आवाजावर करून मामांच्या तोंडाशी धरला. "बोल. तुझ्याच तोंडून ऐकू दे तिला."

"ताई," मामा म्हणाले.

पलीकडून त्यांच्या बहिणीचा आवाज आला, थकलेला, घाबरलेला. "कबूल केलं का रे तिने?"

मुलीचा हात भरून आला असणार, तरी तिने फोन खाली घेतला नाही. ती वाट बघत राहिली.

"ताई, तिने काही केलं नाही," मामा म्हणाले. "मी केलं. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही."

फोनमध्ये हुंदका ऐकू आला, आणि मग, "तिला दे. तिला फोन दे आधी."

मुलीने फोनकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ही रडेल. पण तिने फोन मामांच्या हातात ठेवला आणि कोपऱ्यातला कामाचा डगला अंगावर चढवला.

"नंतर बोलते म्हणावं," ती म्हणाली. "मला अळ्या जाळायच्या आहेत."